बाबागाडीतली ऊब

९ जानेवारी, मंगळवार

पहिला दिवस पार पडला. आस्टा जेवली, ओरडली, माझ्या चष्म्याला भोपळ्याचा लगदा फासला आणि झोपली. बाहेर, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, बाबागाडीत. पाणी गोठेल अशी थंडी – पण पिसांच्या दुलईत फक्त नाक उघडं, गाल लालबुंद, श्वास संथ. बाहेर झोपलेलं पोर आत झोपणाऱ्याच्या दुप्पट झोपतं, हे इथे डेन्मार्कात, आमच्या लेमविग गावात कुणाला सांगावं लागत नाही. माझी लेक मारेनही अशीच वाढली. माझी बायको इंगेर तिला बेकरीच्या मागच्या अंगणात ठेवायची आणि मी भट्टी उरकून, पीठ लागल्या कपड्यांनी तिच्या उठण्याची वाट बघत उभा असायचो. इंगेर असती तर आज हसली असती.

आता मारेनची मुलगी. पाळणाघरात जागा मिळेपर्यंत मंगळवार आणि गुरुवार माझे. मारेन कामावर रुजू झाली, जावई येप्पे आठवडाच्या आठवडा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर. उरलो मी. अडुसष्टाव्या वर्षी नोकरी लागली!

एकच कटकट – तो बेबी अलार्म. एक डबी बाबागाडीत, जोडीची दुसरी माझ्या खिडकीत. पोर रडलं की मला आत ऐकू येतं. पण थंडीत बाहेरची डबी अर्ध्या तासात मान टाकते. कितीदा तरी बाहेर जाऊन पाहिलं. दर वेळी आस्टा झोपलेली आणि डबी मेलेली.

११ जानेवारी, गुरुवार

मारेनला डबीचं सांगितलं. ती म्हणाली, "घरात पूर्ण चार्ज करून मग बाहेर न्या, बाबा. गाडीत चार्जिंगला काही लावू नका. बंद पडली तर पडू दे. अधूनमधून खिडकीतून बघा, झालं."

इथवर ठीक. मग – जेवणात मीठ घालू नका. बनचा तुकडा देऊ नका. टोपी कानावर ओढा. पट्टा नीट लावा. कुरकुरली तर लगेच उचलू नका. अख्ख्या गावाला चाळीस वर्षं पाव खाऊ घातला मी, आणि मला मिठाचं शिकवते!

मी म्हणालो, "एवढं सगळं येतं तर तूच थांब ना घरी."

तिचा चेहरा उतरला. खाली बसून बूट घातले, आस्टाला घेतलं, गेली.

१३ जानेवारी

मारेनचा फोन. उचलला नाही.

१४ जानेवारी, रविवार

आज पुन्हा वाजला. वाजू दिला.

शेजारची गुनव्होर कुंपणापलीकडे बर्फ ओढत होती. थांबली. "बेकरबुवा, लेकीशी अबोला ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या फोनने. पलीकडे ऐकू येतो." मग फावड्यावर रेलून म्हणाली, "तुमची ना पिठासारखी गत आहे. छान फुगून बसता आणि कुणी बोट लावलं की खाली. इंगेर म्हणायची, ह्यांच्याशी बोलायचं तर आधी हवामान बघावं लागतं."

इंगेर असं म्हणायची? मला तर कधी म्हणाली नाही. मी दार लावून घेतलं.

१६ जानेवारी, मंगळवार

सकाळी मारेन आस्टाला सोडून गेली. फोनचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. "सगळं पिशवीत आहे, बाबा," एवढंच. बरं झालं. एकही सूचना नाही.

आणि डबीवर उपाय सापडला! खणात ती पॉवर बँक होती – हार्डवेअरच्या दुकानाने वर्धापनदिनाला फुकट वाटलेली. किती वर्षं पडून होती कोण जाणे. चार्ज झाली, दिवा लागला. वायरनं डबीला जोडली. पण थंडीत तिचीही तीच गत होणार. म्हणून इंगेरनं विणलेला लोकरी मोजा काढला, पॉवर बँक त्यात सरकवली आणि बाबागाडीत पायथ्याशी, दुलईखाली ठेवली. पोराच्या अंगाची ऊब, वर पिसं, वर लोकर. कुठून शिरेल थंडी?

ऊब धरून ठेवायचं काम मला येतं. जन्मभर दुसरं केलंय काय? आंबवलेल्या पिठाला गारठा लागू नये म्हणून फडकी, जुन्या चादरी, दुलया गुंडाळत आलो.

आस्टा उठेपर्यंत डबी चालू. हिरवा दिवा एकदाही विझला नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

पुन्हा तीच युक्ती, पुन्हा झकास. आता निवांत काम होतं. राय धान्याच्या पावाचं पीठ भिजवलं, पेपर वाचला, दिवा हिरवा.

मारेन आज लवकर आली. आस्टा अजून बाहेरच होती, मारेननंच तिला गाडीतून काढलं. आत आली, कॉफी घेतली, पाव तोंडभरून वाखाणला. जरा गप्प होती, पण कामावरून थकून येते बिचारी. युक्ती मी तिला सांगितली नाही. सांगितली असती तर कॉफीसोबत व्याख्यान मिळालं असतं.

२१ जानेवारी

मारेनकडे जेवायला. माशाचे वडे, उकडलेले बटाटे. येप्पे घरी होता. आस्टा माझ्याकडे हात पसरून झेपावली, येप्पेकडे नाही! त्याला जरा लागलंच. मला फार बरं वाटलं – लिहायला काय हरकत आहे.

२३ जानेवारी, मंगळवार

दुपारी मोजा काढला तर चांगला गरम. ऊनऊन. थंडीत हातात धरून बसावंसं वाटलं.

पॉवर बँक टेबलावर ठेवली तर डुगडुगते. पोट आल्यासारखी दिसते. आधीपासून अशीच होती का? मागच्या आठवड्यात पायरीवर पडली होती हातातून, तेव्हा बाक आला असेल. दिवा लागतोय, काम करतेय. फुगलेल्या वस्तूची बेकरला भीती वाटत नाही.

तरी नवी घ्यायला हवी. या गुरुवारी चालवू, शनिवारी बाजारात बघू.

२५ जानेवारी, गुरुवार

आस्टाचा पाय. लिहवत नाही.

२७ जानेवारी, शनिवार

लिहितो. न लिहिता बसलो की तेच तेच डोळ्यांपुढे येतं.

वेलचीच्या बनचं पीठ टेबलावर होतं. आस्टा बाहेर झोपलेली. अलार्ममधून कुरकुर ऐकू आली. कुरकुरलं की लगेच धावायचं नाही, पोर आपलं आपण परत झोपतं – मारेन सांगते, इंगेर सांगायची, गावातल्या साऱ्या बायका सांगतात. मी थांबलो. पीठ मळत राहिलो.

मग ती रडली. कुरकुर नव्हे, रडणं. वेगळं होतं ते. मला कळलं की वेगळं आहे. माझे हात कोपरापर्यंत पिठात. आणि मी काय केलं? हात धुतले. साबण लावून. नखं घासून. चाळीस वर्षांची सवय – पिठाचे हात धुतल्याशिवाय कशाला लावायचे नाहीत. नळाखाली उभा होतो आणि ती ओरडत होती. खिडकीतला दिवा हिरवाच होता.

तेवढ्यात गुनव्होरचा आवाज आला. "एविंड! गाडीतून धूर येतोय!" ती मला कधी नावाने हाक मारत नाही.

मोज्यांवरच पळालो. पायथ्याकडून राखाडी धूर, नेलपॉलिशसारखा गोडसर घाण वास. दुलई ओढली आणि हवा लागल्याबरोबर खालून जाळ आला. आस्टा पट्ट्याने बांधलेली. पट्टा मीच लावला होता, नीट, सांगितल्याप्रमाणे. ओल्या बोटांनी ते बकल सुटेना. सुटेचना. गुनव्होर कुंपणातून आरपार घुसली, हातावर ओरखडे घेऊन. तिनं पट्टा सोडवला. पोर तिनं उचललं, मी नाही.

स्वयंपाकघरात नळाखाली पाय धरला. गुनव्होर म्हणाली, "पाणी धरून ठेवा, थांबवू नका." मग ती फोनवर. मी धरून होतो. आस्टा रडून रडून निळी. एवढासा पाय.

बाहेर ती पॉवर बँक बर्फात पडली होती. विझली असं वाटलं. मग आपली आपण परत फुसफुसली आणि पेटली. बर्फात! मी खिडकीतून बघत होतो.

२९ जानेवारी

डावं पाऊल आणि घोटा. मांडीची कातडी काढून लावली. डॉक्टर म्हणतात, चालेल, धावेल, डाग राहील.

इस्पितळात मारेन पलंगाशेजारच्या खुर्चीत. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर खाली. ओरडली नाही. येप्पे समुद्रावरून आला तो थेट तिथंच, अंगावर कामाचे कपडे. म्हणाला, "तुम्ही घरी जा. आत्ता घरी जा, मी काहीतरी बोलून बसायच्या आत."

गेलो.

३१ जानेवारी

अग्निशमनचा माणूस जळकी गाडी बघायला पुन्हा आला होता. तरुण आहे. मी विचारलं, नक्की काय झालं? अंगणात उभ्या उभ्या सांगितलं त्यानं. बॅटरी काम करते तेव्हा तापते. ती उष्णता बाहेर जायला मोकळी जागा लागते. तुम्ही तिला लोकरीत गुंडाळून पिसांखाली कोंडली. "थंडीत बॅटरी लवकर उतरते, एवढंच. उतरली तर उतरली. पांघरूण घालायचं नाही."

"आणि फुगलेली असेल तर?"

"मग ती संपली. त्याच क्षणी. चार्ज करायची नाही, वापरायची नाही, दाबायची नाही. घराबाहेर विटेवर ठेवायची आणि कचरा केंद्राला विचारून तिकडे पोचवायची."

"फुगलेली मला दिसली होती," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "बऱ्याच लोकांना दिसते." मग जाताना म्हणाला, "पोरीच्या पायात लोकरीचे मोजे होते ते बरं झालं. नायलॉन असतं तर कातडीला चिकटलं असतं." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल. नाही वाटलं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

कचऱ्याचा दिवस. घड्याळाच्या, टॉर्चच्या जुन्या बॅटऱ्या पारदर्शक पिशवीत बांधून डब्याच्या झाकणावर ठेवल्या, नियमाप्रमाणे. आयुष्यात एकही बॅटरी कचऱ्यात टाकलेली नाही मी. शेजाऱ्यांनी टाकली तर सुनावून येत असे. मेलेल्या बॅटऱ्यांची केवढी काळजी! आणि जिवंत बॅटरी पोराच्या पायाशी ठेवली.

६ फेब्रुवारी, मंगळवार

मंगळवार.

११ फेब्रुवारी, रविवार

फास्टेलाउन, पोरांचा सोंगांचा सण. गावातली पोरं वाघ-सिंह-चाचे होऊन गोळ्यांनी भरलेलं पिंप बडवून फोडायला निघाली. मी साय भरलेले बन केले, जसे दर वर्षी करतो. पीठ फुगताना बघवलं नाही. वर फडकं टाकायला हात धजेना, तसंच उघडं ठेवलं. वरून सुकलं. असले बन बेकरीत कुणी केले असते तर मी हाकलला असता.

तरी पिशवीत भरून मारेनच्या दाराच्या मुठीला अडकवून आलो. घंटी वाजवली नाही. आतून आस्टाचा आवाज येत होता. दवाखान्यातून घरी आणलंय हे मला असं कळलं.

१२ फेब्रुवारी

येप्पेचा फोन. पहिल्या घंटीला उचलला. "बन मिळाले. चांगले होते." मग, "मारेननंही खाल्ला." ठेवला.

येप्पे खोटं बोलतो. चांगले नव्हते ते.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मारेननं बोलावलं. गेलो. जाताना काय घालावं तेच सुचेना, लेकीकडे जायला!

आस्टानं मला पाहिलं आणि हसली. सरळ चष्म्याला हात. तिला काय माहीत? तिला वाटतं आजोबा म्हणजे चष्मा आणि बन. पायावर पट्टीचा मोजा. मारेन तो बदलताना मी पाहिलं – गुलाबी, चकचकीत, दुसऱ्याच कुणाची कातडी असावी तशी. बोटं हलवते. पाचही.

माफी मागायचं ठरवून गेलो होतो. शब्द पाठ केले होते. एकच निघाला – "मारेन, माझ्यामुळं–"

"नको, बाबा. प्लीज. नको बोलू या." आणि उठून आत गेली. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ. परत आली ती विचारत, "चहा घ्याल की कॉफी?" पाहुण्याला विचारतात तसं.

माफ करत नाहीये. का करावं? मीही केलं नसतं. ओरडली असती, दार आपटलं असतं, तर मी ते घरी घेऊन आलो असतो आणि त्याच्याशी काहीतरी केलं असतं. हा नम्रपणा कुठं ठेवू?

२२ फेब्रुवारी

गुनव्होर वाटाण्याचं सूप घेऊन आली. तिच्या हातांवरचे ओरखडे भरलेत. मी सगळं सांगितलं, नळाचंही. हात धुतल्याचंही. ते आधी कुणाला सांगितलं नव्हतं.

ती चमचा हलवत राहिली. म्हणाली, "मीही आधी खिडकीतून पाहिलं होतं, बेकरबुवा. वाटलं, थंडीत पोराच्या तोंडची वाफ असेल." आणि मग, "सूप निवतंय."

५ मार्च, मंगळवार

येप्पेनं कळवलं – पाळणाघरात जागा मिळाली. सोमवारपासून. संपलं. खोटं कशाला लिहू, मी मनात धरून बसलो होतो की एखाद्या मंगळवारी मारेन दारात उभी राहील पिशवी घेऊन. इथं बसवा तिला, बाबा, मी तासाभरात येते. एवढंच हवं होतं. घरात, माझ्या मांडीवर, डोळ्यांसमोर. झोपवायची पण नाही.

अलार्मची खिडकीतली डबी अजून तिथंच होती. आज काढली. बॅटरी काढून वेगळी ठेवली. शुक्रवारी देईन.

९ मार्च

मारेनचा वाढदिवस. फोन केला. "थँक यू, बाबा." आस्टा कशी आहे? "छान. टेबलाला धरून उभी राहते." पाय? "ठीक आहे." कामावर कसं चाललंय? "ठीक." तुझी झोप? "दारात कुणीतरी आलंय," ती म्हणाली आणि ठेवला.

येप्पे मला म्हणाला होता, ती रडते. बाथरूममध्ये, नळ सोडून. मला वाटतं माझ्यावरच्या रागानं.

१४ मार्च, गुरुवार

मारेन आली होती. एकटी, न कळवता. टोपी पण न काढता स्वयंपाकघरात बसली. म्हणाली, "बाबा, तो मोजा मला माहीत होता. त्या गुरुवारच्या आदल्या आठवड्यात आस्टाला गाडीतून काढलं तेव्हा हाताला लागला. वायर दिसली. गरम होता."

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही परत फोन उचलला नसता."

उचलला नसता.